मॅगिटची साक्ष आणि गिटची संहिता

ईमॅक्समध्ये गिट वापरणारा अभ्यासक ‘मॅगिट बिघडले’ असे म्हणतो, तेव्हा मॅगिट आणि गिट यांतील भेद त्याच्या मनातून बहुधा पुसला गेलेला असतो. हा भेद मूळ संहिता व तिच्यावरील टीका यांतील भेदासारखा आहे. आवृत्त्यांची नोंद ठेवणारे गिट लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सिद्ध केले. मॅगिट हे त्याचे ईमॅक्समधील उपांग मारिउस फोल्मर यांनी २००८ मध्ये आरंभिले व पुढे योनास बेर्नूली यांनी वाढविले. मॅगिट स्वतः एकही आवृत्ती जतन करीत नाही. ते गिटला आज्ञा देते, आलेले उत्तर वाचते आणि पडद्यावर मांडते. टीकेत चूक आढळली म्हणून मूळ पोथी फाडण्याचे कोणी मनात आणीत नाही. येथे मात्र पुष्कळदा तेच घडते. काही विपरीत दिसताच सारी रिपॉझिटरी पुसून सर्व्हरवरून नवी प्रत उतरविली जाते, आणि ज्या मजकुराचे कमिट झालेले नव्हते तो कायमचा नष्ट होतो.

असा अविचार टाळण्याचे साधन मॅगिटनेच पुरविले आहे, हा त्याचा मोठा गुण. डॉलर चिन्हाची कळ दाबली असता त्याने गिटला दिलेल्या आज्ञा, त्यांवरील उत्तर व समाप्तीचा संकेतांक ही सर्व समोर येतात. पुश विफल झाले तर तीच आज्ञा टर्मिनलमध्ये देऊन पाहावी. तेथेही ती विफल झाली, तर मॅगिटला दोष देण्याचे कारण उरत नाही. तेथे सफल झाली, तर दोन्ही ठिकाणी चालणारे गिट एकच आहे काय, हे पाहिले पाहिजे. कारण मॅकवर डॉकमधून उघडलेल्या ईमॅक्सला टर्मिनलमधील पाथ मिळत नाही व तेथे गिटची निराळीच आवृत्ती चालू शकते. तीही शंका फिटली, तर व्यक्तिगत जुळणी वगळून केवळ मॅगिटसह ईमॅक्स सुरू करावा. दोष नाहीसा झाला, तर तो बहुधा वापरणाऱ्याच्याच जुळणीत असतो. ही कबुली देणे अनेकांना जड जाते.

तथापि मॅगिटची साक्ष पूर्ण नाही. रिपॉझिटरीत बदल घडविणाऱ्या आज्ञांचीच नोंद ते ठेवते. केवळ माहिती विचारणाऱ्या आज्ञा त्या नोंदीत सहसा येत नाहीत. याहून गंभीर आक्षेप स्थितिदर्शक बफरविषयी आहे. तो जिवंत चित्रासारखा भासतो, पण असतो एका क्षणाचा ठसा. मॅगिटमधून आज्ञा दिल्यावर तो ताजा होतो. टर्मिनलमध्ये केलेला बदल, किंबहुना ईमॅक्समध्येच जतन केलेली फाइलसुद्धा, मूळ जुळणीत ‘जी’ ही कळ दाबेपर्यंत त्यात उमटत नाही. ठसा जुना आहे हे सुचविणारी खूण तेथे असावयास हवी होती.

मात्र मुळाकडे जाणे म्हणजे टर्मिनलवर डोळे मिटून विश्वास ठेवणे नव्हे. मराठी प्रबंधाच्या फाइलला ‘प्रस्तावना’ असे देवनागरी नाव दिले, तर टर्मिनलमधील गिट ते नाव अंकांच्या रांगेत दाखविते. एकट्या ‘प’च्या जागी ३४०, २४४, २५२ हे तीन अष्टमान अंक तिरप्या रेघांसह उभे राहतात. फाइल भ्रष्ट झाली अशी समजूत होऊन नाव रोमन लिपीत बदलले जाते. वस्तुतः नाव व मजकूर दोन्ही अक्षत असतात. आस्कीबाहेरील अक्षरे अशा रूपात छापण्याचा गिटचा तो पूर्वनियोजित संकेत आहे. ‘कोअर.कोटपाथ’ या जुळणीचे मूल्य ‘फॉल्स’ केले की देवनागरी नाव जसेच्या तसे दिसू लागते.