मेरुद्रवातील निर्देशक आणि बोधनिक ऱ्हास : अल्झायमरच्या जैविक व्याख्येची चिकित्सा

प्रस्तावना :
एखाद्या रोगाची व्याख्या बदलली की रुग्ण कोणास म्हणावे, हा निर्णयही बदलतो. अल्झायमर या विकाराच्या बाबतीत असा बदल गेल्या काही दशकांत घडून आला आहे. जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनी ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे ज्या स्त्रीची हकिगत मांडली, तिचा विकार प्रथम तिच्या वागण्याबोलण्यात दिसला; मेंदूतील चकत्या व तंतूंचे गुंते मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली आढळले. १९८४ चे निकषही याच क्रमाने जात. लक्षणांवरून केलेले निदान 'संभाव्य' मानले जाई आणि निश्चिती मेंदूच्या ऊतकपरीक्षेनंतरच होई. अमेरिकेतील राष्ट्रीय वार्धक्य संस्था व अल्झायमर असोसिएशन यांच्या २०१८ च्या संशोधन-आराखड्याने हा क्रम उलटा केला. मेंदूतील प्रथिनांचा बिघाड हाच रोग आणि स्मृतिभ्रंश हा त्याचा परिणाम, अशी ही भूमिका आहे. प्रस्तुत लेखात तिचीच चिकित्सा केली आहे.

मेरुद्रवाची साक्ष :
कमरेच्या मणक्यांमधून सुईने काढला जाणारा मेरुद्रव, म्हणजे बोलीभाषेतील 'पाठीतले पाणी', मेंदूच्या निकट सान्निध्यात असतो. अमायलॉइड बीटा-४२ हे प्रथिन मेंदूत चकत्यांच्या रूपाने साचू लागले की मेरुद्रवातील त्याचे प्रमाण घटते, तर टाऊ आणि फॉस्फोरिलेटेड टाऊ यांचे प्रमाण वाढते. या मापनामुळे हयात व्यक्तीच्या मेंदूतील प्रक्रियेचा अंदाज घेता येऊ लागला. केवळ लक्षणांवर विसंबून केलेली निदाने अनेकदा चुकत, हे लक्षात घेता जैविक व्याख्येचे हे श्रेय नाकारता येत नाही. तसेच अमायलॉइडवर योजलेले औषध देण्यापूर्वी अमायलॉइड आहे की नाही याची खातरजमा करणे क्रमप्राप्तच ठरते.

निर्देशक आणि रोग यांतील अंतर :
तथापि निर्देशक आढळणे आणि बुद्धी ढासळणे या दोन घटना एकरूप नाहीत. डेव्हिड स्नोडन यांच्या ६७८ जोगिणींच्या सुप्रसिद्ध अभ्यासातील सिस्टर मेरी १०१ व्या वर्षापर्यंत बोधनिक चाचण्यांत उत्तम गुण मिळवीत होत्या; मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत मात्र चकत्या व गुंते विपुल आढळले. बोधनिक ऱ्हासाशी अमायलॉइडपेक्षा टाऊच्या गुंत्यांचा संबंध अधिक निकटचा आहे, हेही वारंवार दिसून आले आहे. शिवाय रक्तवाहिन्यांचे विकार, शिक्षण आणि मेंदूची राखीव क्षमता हे घटक ऱ्हासाची गती ठरवितात. मापनातही पेच आहेत. अमायलॉइड हे प्रथिन नमुन्याच्या नळीला चिकटते, म्हणून बीटा-४२ व बीटा-४० यांचे गुणोत्तर घेणे अधिक विश्वसनीय ठरते. तरीही सलग चढत-उतरत जाणाऱ्या राशीवर एक रेघ ओढून 'रोगी' व 'निरोगी' असे दोन भाग पाडावेच लागतात.

निर्देशकालाच रोग मानण्याचा धोका औषधांच्या इतिहासात स्पष्ट होतो. जून २०२१ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने अडुकॅनुमॅब या औषधास त्वरित मान्यता दिली, ती अमायलॉइड घटते या आधारावर. रुग्णाच्या बुद्धीस लाभ होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले नव्हते. २०२४ मध्ये ते औषध बंद करण्यात आले. २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅबच्या चाचणीत १८ महिन्यांनंतर ऱ्हास काहीसा मंदावला. परंतु १८ गुणांच्या मापनश्रेणीवर हा फरक ०.४५ इतकाच होता. चकत्या मोठ्या प्रमाणात विरल्या, हे पाहता दोन्ही परिणामांतील तफावत बोलकी आहे.

दोन भूमिका :
२०२४ मध्ये हा वाद उघड झाला. अल्झायमर असोसिएशनच्या सुधारित निकषांनुसार प्रमुख निर्देशकांपैकी एक विकृत असणे निदानास पुरेसे आहे. त्याच वर्षी ब्रुनो द्युब्वा प्रभृतींच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने उलट भूमिका घेतली : लक्षणे नसलेल्या व्यक्तीस रोगी न म्हणता 'जोखीम असलेली' म्हणावे. लक्षणविरहित व्यक्तींची नित्य तपासणी करू नये, असे सुधारित निकषांच्या कर्त्यांनीही म्हटले आहे. परंतु ज्यास रोग म्हणावयाचे, तो असलेल्यांस तपासावयाचे नाही, ही तडजोड व्याख्येचाच दुबळेपणा उघड करते. मे २०२५ मध्ये अमेरिकेत रक्तचाचणीसही परवानगी मिळाली. ती लक्षणे असलेल्यांसाठीच असली, तरी चाचणी सुलभ झाल्यावर असा संयम किती टिकेल, हा प्रश्न उरतोच. सत्तरीतील ज्या गृहस्थाचे व्यवहार चोख चालू आहेत, त्याला आयुष्याची उर्वरित वर्षे, कदाचित कधीच न येणाऱ्या विस्मृतीच्या भयाखाली काढावी लागतील.

निष्कर्ष :
मेरुद्रव ऱ्हासाचे कारण सुचवितो. त्या ऱ्हासाची मात्रा व गती रुग्णाच्या बोलण्यात, हिशेबात, ओळखीच्या चेहऱ्यांत शोधावी लागते. म्हणून लक्षणे प्रकट झाल्यावर त्यांचा उलगडा करणारा पुरावा, हे निर्देशकांचे योग्य स्थान होय. लक्षणांवाचून ते जोखीम दर्शवितात, आणि जोखमीस रोगाचे नाव देणे शास्त्रदृष्ट्या अपुरे व मानवी दृष्टीने अन्यायाचे आहे.