मेक्सिकोंतील दोन वर्षें

फॅनी काल्देरोन दे ला बार्का यांचा ‘लाइफ इन मेक्सिको’ हा इंग्रजी पत्रसंग्रह १८४३ सालीं प्रसिद्ध झाला. बाई जन्मानें स्कॉटिश. यजमान म्हणजे स्पेननें स्वतंत्र मेक्सिकोंत धाडलेले पहिले वकील. १८३९ च्या डिसेंबरांत हें जोडपें व्हेराक्रूझ बंदरीं आलें, तेव्हां तेथील स्वयंपाक बाईंच्या घशाखालीं उतरेना. दोन वर्षांनीं परत फिरतांना त्याच बंदरांतील मासळी व शिजलेला घेवडा त्यांस अमृततुल्य लागला. घायपाताच्या जातीच्या झाडापासून काढलेल्या पुल्के नांवाच्या पेयाचीही तीच गोष्ट: आधीं उग्र वासानें शिसारी, मग आवड.

आम्हांस विशेष वाटतें तें हें, कीं ग्रंथ छापतांना बाईंनीं पहिलीं तुसडीं मतें गाळलीं नाहींत. प्रवाशानें आपले निर्णय कालांतरानें पुन्हा ताडून पाहावे, असें त्या स्वतःच शेवटीं म्हणतात. नव्या देशांत बिऱ्हाड केलेला माणूस बहुधा आपला पहिला नाकमुरडेपणा सोयीनें विसरतो. येथें तो तारीखवार शाबूत आहे. (सासरीं गेलेल्या आमच्या मुलींनीं अशीं पत्रें जपलीं असतीं, तर!)

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. मेक्सिको शहरांतील पहांटेच्या कोळसेवाल्यापासून रात्रीपर्यंतच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या एका पत्रांत इतक्या हुबेहूब उतरल्या आहेत, कीं वाचक कान टवकारतो. पण त्या ऐकावयाच्या वकिलांच्या घरांत बसून. कोळसेवाल्याच्या स्वतःच्या चुलीवर काय शिजत होतें, तें आम्हांस शेवटपर्यंत कळलें नाहीं.