अक्षरकार्डाची मागची बाजू : चिनी चिन्हे आणि गोंडी लिपी

प्रस्तावना

संगणकावर तयार करावे, साध्या जाड कागदावर छापावे, कात्रीने कापावे आणि मुलांच्या हाती द्यावे, इतके सोपे साधन म्हणजे अक्षरकार्ड. चिनी भाषेचे विद्यार्थी जगभर या साधनावर विसंबून असतात. कार्डाच्या पुढच्या बाजूस चिन्ह आणि मागच्या बाजूस उच्चार व अर्थ, ही त्याची रूढ रचना. गोंडी लिपीच्या प्रसारासाठी हीच पद्धत सुचविली जाते आणि गोंडी-देवनागरी अशा जोड्यांचे तक्ते व कार्डे करणे कोणाही शिक्षकाच्या आवाक्यात आले आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या दृष्टीने हा विषय केवळ अध्यापनतंत्राचा नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल' ही गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गोंडीतून शिकणाऱ्या मुलांच्या हाती कोणते साहित्य द्यावयाचे, हा त्यामुळे उद्याचा नव्हे तर आजचा प्रश्न ठरतो. चिनी कार्डाचा नमुना गोंडीला जसाच्या तसा लावता येतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चिनी कार्डाची गरज

चिनी लेखनात एक चिन्ह साधारणपणे एक अवयव आणि एक अर्थघटक दर्शविते. त्यामुळे चिन्हांची संख्या मोठी असते. चीनमध्ये १९८८ च्या निरक्षरता निर्मूलन नियमावलीने शेतकऱ्यासाठी १५०० आणि कामगारासाठी २००० चिन्हे ही साक्षरतेची किमान मर्यादा ठरविली. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या प्रमाण चिन्हांच्या तक्त्यात ८१०५ चिन्हे असून त्यांतील पहिल्या श्रेणीत ३५०० आहेत. एवढा साठा वर्षानुवर्षे स्मरणात ठेवावयाचा म्हणजे उजळणीची काही शिस्त हवी. जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचविलेली कप्प्यांची पेटी हीच शिस्त लावते. ओळखलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा परत येते. चुकलेले कार्ड पहिल्या कप्प्यात येते आणि लवकर समोर येते.

कार्डाचा विचार चीनमध्ये मात्र याहून पुष्कळ जुना आहे. छिंग राजवटीच्या काळातील बालशिक्षणविषयक लेखनात कागदाचे छोटे चौकोन कापून त्यांवर एकेक चिन्ह सुवाच्य लिहावे, मागे त्याच उच्चाराचे दुसरे चिन्ह लिहावे आणि ओळखलेली चिन्हे दोऱ्यात ओवावीत, अशी पद्धत सांगितलेली आढळते. येथे मागच्या बाजूस परकी लिपी नाही, हे लक्षणीय आहे. मुलाला जे आधीच बोलता येते, त्याच भाषेतील दुसरे चिन्ह तेथे असते.

कार्डाची मर्यादाही चिनी परंपरेनेच ओळखली होती. सहाव्या शतकातील 'सहस्राक्षरी' या पाठाबद्दल एक आख्यायिका आहे. लिआंग घराण्याच्या सम्राट वू याने प्रसिद्ध सुलेखनकार वांग शीझी याच्या हस्ताक्षरातील एक हजार वेगवेगळी चिन्हे सुट्या कागदांवर उतरवून घेतली. परंतु सुट्या चिन्हांचा अभ्यासाला उपयोग होईना. तेव्हा ती दरबारी विद्वान चौ शिंगसी याच्याकडे सोपविण्यात आली. त्याने एका रात्रीत त्यांची चार-चार चिन्हांच्या २५० चरणांत यमकबद्ध रचना केली आणि त्या श्रमाने त्याचे केस पांढरे झाले. केसांची गोष्ट सोडून द्यावी. परंतु चिन्हांची पुनरुक्ती जवळजवळ टाळणारा तो पाठ पुढे शतकानुशतके मुलांना शिकविला गेला, हे ऐतिहासिक सत्य आहे. सुटी कार्डे आणि पाठ यांतील अंतर या कथेने नेमके पकडले आहे.

सुट्या कार्डाचा दुसरा दोष म्हणजे ते चिन्हाचे नातेसंबंध झाकते. 'आई' या अर्थाच्या 'मा' या चिन्हात डावीकडे 'स्त्री' व उजवीकडे 'घोडा' असतो. घोड्याचा आईशी अर्थाने काहीही संबंध नाही. त्याचाही उच्चार 'मा' असल्याने तो तेथे केवळ ध्वनीसाठी आला आहे. एकेक कार्ड घोकणाऱ्यास हे कळत नाही. घोड्याच्या कुळातील चार-पाच चिन्हे एकत्र पसरली की ते आपोआप दिसते.

गोंडीच्या दोन लिपी

गोंडीसाठी आज मुख्यतः दोन स्वतंत्र लिपींचा विचार होतो. पहिली बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली मसराम लिपी. दुसरी गुंजाळा लिपी; आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी मिळालेल्या हस्तलिखितांवरून ती प्रकाशात आली आणि ती हस्तलिखिते १७५० च्या सुमाराची मानली जातात. हा भाग चंद्रपूरच्या सीमेपलीकडचा असला तरी परका नाही. राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यातच होता. युनिकोडमध्ये मसराम लिपीचा समावेश २०१७ मध्ये, तर गुंजाळा लिपीचा २०१८ मध्ये झाला. अंकांसह पहिलीला ७५ आणि दुसरीला ६३ संकेत मिळाले आहेत.

या संख्येतच चिनीशी असलेला मूलभूत भेद आहे. साठ-सत्तर चिन्हांसाठी कप्प्यांची पेटी आणि वर्षांची उजळणी लागत नाही. काही आठवड्यांत चिन्हे ओळखता येतात आणि तेथेच कार्डाचे काम संपते. चिनी विद्यार्थ्याच्या वाटचालीत कार्ड दीर्घकाळ सोबत असते. गोंडी मुलाच्या वाटचालीत तो केवळ उंबरठा आहे. उंबरठ्यापलीकडे वाचावयास काही नसेल, तर सुंदर छापलेला संचही शाळेच्या भिंतीची शोभा ठरतो.

क्रमाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. मसराम लिपीची मांडणी देवनागरी वर्णमालेच्या वळणाने जाते. तीत क्ष, ज्ञ, त्र यांनाही स्वतंत्र चिन्हे आहेत. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा असून महाप्राण ध्वनी तीत प्रामुख्याने उसनवार शब्दांतून येतात. अशा स्थितीत 'क, ख, ग, घ' या क्रमाने कार्डे देणे म्हणजे मुलाला आरंभीच त्याच्या बोलण्यात क्वचित येणाऱ्या चिन्हांशी झुंजविणे होय. गुंजाळा लिपीतील व्यंजनांचा क्रम मात्र 'य'पासून सुरू होतो आणि देवनागरीशी जुळत नाही. त्या लिपीची कार्डे छापताना तो क्रम मोडून देवनागरी क्रम लावला, तर हस्तलिखितांनी जपलेली एक वेगळी व्यवस्था शिक्षकाच्या सोयीखातर पुसली जाईल.

मागच्या बाजूवर काय असावे ?

चिनी कार्डाच्या मागे अर्थ असतो, कारण चिन्हालाच अर्थ असतो. गोंडी अक्षराला असा अर्थ नाही; ते ध्वनी दर्शविते. म्हणून कार्ड तयार करणारा मागे सहजच देवनागरी अक्षर लिहितो. गोंडी 'न' पुढे, देवनागरी 'न' मागे. वरवर निरुपद्रवी वाटणाऱ्या या जोडीत खरा धोका आहे. असे कार्ड शिकलेले मूल गोंडी लिपीत मराठी लिहू लागते. लिपी गोंडीची, भाषा मात्र शाळेची! लिपी ही अस्मितेची खूण म्हणून टिकते आणि तिच्याआड गोंडी भाषा मागे पडते. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषकांची संख्या २९ लाखांवर नोंदली गेली. त्यांना देवनागरीवर चढविण्याचा नवा मुखवटा नको आहे, वाचण्यासारखी गोंडी हवी आहे.

यावर उपाय कठीण नाही. 'न'च्या मागे चित्र असावे आणि चित्राखाली गोंडी लिपीतच शब्द असावा. 'नार' म्हणजे गाव. हाच शब्द केवळ देवनागरीत छापला, तर मराठी शिक्षक त्याचा अर्थ स्त्री असा लावील आणि वर्गात हशा पिकेल. 'मीन' म्हणजे मासा. येथे संस्कृतमार्गे मराठीत आलेला शब्द गोंडी मुलाच्या तोंडी आधीपासूनच असल्याचे दिसते. 'येर' म्हणजे पाणी. असे छोटे, रोजचे शब्द घेतले की कार्ड घरीही चालते. लिपी न येणारी आजी चित्र पाहून शब्द सांगते, नातू तो शब्द लिपीत शोधतो. शाळेला परकी वाटणारी घरची भाषा अशा वेळी साधनात शिरते. देवनागरीचा संबंध शिक्षकाला हवाच असेल, तर तो शिक्षकाच्या वेगळ्या यादीत राहावा, मुलाच्या कार्डावर नव्हे.

अर्थात येथे प्रमाणभाषेची अडचण येते. घराला काही भागांत 'रोन' म्हणतात, काही भागांत 'लोन'. चिनीच्या बाबतीत बोली बदलली तरी चिन्ह तेच राहते आणि अर्थही तोच. ध्वनी लिहिणाऱ्या लिपीला ही सवलत नाही. छापील कार्डावर एक रूप निवडले की दुसऱ्या गावचे मूल चुकीचे ठरते. २०१४ नंतर विविध राज्यांतील गोंडी भाषकांच्या कार्यशाळांतून २०१८ मध्ये प्रमाण गोंडी शब्दकोश सिद्ध झाला. हा प्रयत्न मोलाचा आहे. तथापि शब्दकोशाचा निवाडा पहिलीच्या मुलाच्या हातातील कार्डावर उतरविण्याची घाई करू नये. चित्राखाली शब्दाची जागा कोरी ठेवावी आणि शिक्षकाने गावात विचारून तो शब्द हाताने लिहावा, हे अधिक शहाणपणाचे आहे. छापखान्याच्या दृष्टीने असे कार्ड अपुरे. मोहगावच्या मुलाच्या दृष्टीने ते त्याच्या गावाचे.

छपाईबाबत एक व्यावहारिक बाबही नोंदविली पाहिजे. युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये देवनागरी किंवा रोमन संकेतांवरच गोंडी आकार चढविलेले असतात. असे पान दुसऱ्या संगणकावर उघडले की गोंडीऐवजी निरर्थक अक्षरे उमटतात. युनिकोड फॉन्ट नसलेल्या संगणकावर तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. दोन्ही लिपींसाठी नोटो मालिकेतील विनामूल्य फॉन्ट उपलब्ध आहेत. २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत आलेल्या या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत ते बसविण्यास अर्धा तासही लागणार नाही. कार्डांनंतर लागणारा पाठ मात्र असा अर्ध्या तासात तयार होत नाही. गावांची व नाल्यांची नावे, ग्रामसभेचे ठराव, वनोपजाच्या वजनाच्या नोंदी, आजीकडून ऐकलेल्या गोष्टी हे साहित्य दोन्ही जिल्ह्यांत विपुल आहे. ते गोंडीत, गोंडी लिपीत उतरवून चार-चार ओळींच्या पाठांत मांडण्याचे काम भाषा विभागांनी अद्याप हाती घ्यावयाचे आहे.