लष्कराच्या भाकऱ्या आणि चित्रपटाचे परीक्षण

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांविषयी आपल्याकडे थट्टेनेच बोलण्याचा प्रघात आहे. तथापि ज्यांच्या पाठीशी मोठी पेढी नाही, जाहिरातीस पैसा नाही आणि नामांकित नटांचे पाठबळ नाही, अशा स्वतंत्र चित्रपटांविषयी मराठीत जे काही विचारपूर्वक लिहिले गेले, त्यांतील पुष्कळसे लेखन ह्याच भाकऱ्यांपैकी आहे. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. ‘वास्तव रूपवाणी’ हे त्याचे नियतकालिक. चित्रपट-मंडळांची ही सारी चळवळच मुळी वर्गणी भरून वर पदरचा वेळही देणाऱ्या हौशी सभासदांवर उभी राहिली. तेव्हा विनामूल्य लेखन म्हणजे हलके लेखन, हा समज आम्हांस मान्य नाही. आमची तक्रार निराळीच आहे.

ती अशी की, स्वखुशीने लिहिणारा हा टीकाकार बहुधा दयेने लिहितो. लहान चित्रपट म्हणजे जणू दारी आलेले अनाथ पोर. त्यास बोल कसा लावावा? मग ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तवदर्शी’, ‘अवश्य पाहावा’ एवढ्या शिदोरीवर लेख पुरा होतो. त्यातून वाचकास काही कळत नाही आणि दिग्दर्शकासही काही मिळत नाही. वस्तुतः ज्याच्यावर जाहिरातदाराचे दडपण नाही, त्याने तरी स्पष्ट मत द्यावयास नको काय? चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिस येथे दोन पारितोषिके मिळाली, आणि कित्येकांनी त्या पारितोषिकांचीच समीक्षा केली! न्यायालयातील काम संपल्यावर कॅमेरा सरकारी वकीलबाईंच्या मागे त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो, आणि एका शाहिरावर किटाळ आणणारी ही बाई चारचौघींसारखीच संसारी दिसू लागते. राग धरावयास खलपुरुष असा कोणी हातीच लागत नाही. कोणास हा चित्रपट संथ वाटेल. आम्हांस तो संथपणा हाच त्याचा युक्तिवाद वाटतो. मात्र दोन्ही पक्षांच्या वकिलांची घरे समोरासमोर मांडताना हा विरोध जरा अधिकच नेटका जुळविला आहे, हेही सांगितले पाहिजे. असे सांगितल्याने चित्रपटाचे काही बिघडत नाही.

दुसरी उणीव आम्हांस अधिक खटकते. हे लेखक चित्रपटाविषयी लिहितात, पण तो कोठे, किती वाजता आणि कोणापुढे दाखविला गेला, ह्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्याचेच पाहा. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे ह्याच परिसरातील. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ काढला, तो १९३७ साली व्हेनिस येथे गौरविला गेला. १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ आला. पिंपरीच्या रंगमंदिरास ज्या आचार्य अत्र्यांचे नाव आहे, त्यांच्याच ‘श्यामची आई’स १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. म्हणजे चित्रपटाच्या इतिहासाशी ह्या भागाचा संबंध काही आजचा नव्हे. पण नवा, धडपड्या चित्रपट येथे येतो तेव्हा काय घडते?

एप्रिल २०१५ मध्ये शासनाने सायंकाळी सहा ते नऊ ह्या वेळेत मराठी चित्रपटाचा एक खेळ सक्तीचा केल्याचे जाहीर केले. त्यावर ओरड होताच ती मर्यादा दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. योगायोग असा की, ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला तो ह्याच महिन्यात. आता कारखान्याच्या भोंग्याकडे पाहा. पहिल्या पाळीचा कामगार दुपारी बारा वाजता यंत्रापाशी असतो, दुसऱ्या पाळीचा कामावर निघण्याच्या तयारीत असतो, आणि रात्रपाळी करून आलेला गाढ झोपेत असतो. पुष्कळ कारखान्यांत पाळ्या आठवड्याने बदलतात, आणि लहान चित्रपटाचे आयुष्यही बहुधा आठवड्याचेच. आपली पाळी बदलून मनुष्य मोकळा होतो, तोवर चित्रपट गेलेला असतो. पुढे ‘प्रेक्षकांनी पाठ फिरविली’ असे छापून येते. मोशी-भोसरीकडे राहणाऱ्या एखाद्या हौशी लेखकाने खेळाची वेळ, भरलेल्या खुर्च्या आणि तिकिटाचा दर एवढेच दर वेळी टिपून ठेवले, तरी ते ह्या विधानास पुरेसे उत्तर होईल. मुंबईच्या टीकाकाराकडून ते होणे नाही.

आणि रसग्रहणाच्या दृष्टीनेही हे स्थानिक लेखन आम्हांस हवे आहे. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ २०२३ साली टोरांटो येथे दाखविला गेला आणि ७ मार्च २०२५ रोजी आपल्याकडे आला. प्रारंभीच स्वप्नात पारडे उलटते: बायका बसलेल्या आहेत आणि मुलगा प्रश्नांची उत्तरे देतो आहे. आपण हसतो. नंतर सविता तेच प्रश्न, तीच उंची, तेच शिक्षण पुनःपुन्हा सांगू लागते, तेव्हा ते हसू घशात अडकते. ही पुनरुक्ती कित्येकांस कंटाळवाणी वाटली. आमच्या मते तीच ह्या चित्रपटाची खरी रचना आहे, कारण कंटाळा हा त्या मुलीच्या वाट्याला आलेला मुख्य अनुभव होय. आता हा चित्रपट विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या गावचा. आणि विदर्भ-मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कितीतरी कुटुंबे ह्या पट्ट्यात नांदत आहेत. ‘मुलगा चाकणला कंपनीत आहे’ हे वाक्य गावाकडे लग्नाच्या बाजारात केवढे वजनदार ठरते, हे त्यांना कोणी शिकवावयास नको. पडद्यावरचे पोहे ज्याने स्वतः पाहुणा होऊन खाल्ले आहेत आणि मुलीस तिची उंची विचारली आहे, अशा एखाद्या तरुणाने ‘स्थळ’विषयी चार पाने लिहावीत, मोबदल्याची अपेक्षा न धरता लिहावीत. ती आम्ही आनंदाने छापू; मात्र त्यांत ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द आढळल्यास तेवढा खोडून.