संग्राहकांचे क्लब आणि त्यांचे दरवाजे

कलेवर प्रेम असणें ही एक गोष्ट आणि कलावस्तु स्वतःजवळ असणें ही दुसरी. या दोहोंची गांठ घालून देणारी संस्था म्हणजे संग्राहकांचा खासगी क्लब. पारखून घेतलेले थोडे सभासद वर्गणी भरून एकत्र येतात, आपापल्या वस्तु परस्परांस दाखवितात, त्यांवर चर्चा करितात आणि दार लावून घेतात. हें दार लावून घेणें कलेला हितकारक कीं अहितकारक, या प्रश्नाचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

या प्रथेच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. लंडनमधील ‘सोसायटी ऑफ डिलेटांटी’ हें मंडळ १७३४ च्या सुमारास इटलीचा प्रवास करून आलेल्या तरुण सरदारांनीं काढलें. यांत शिरण्यास इटली पाहिलेली असावी असें नांवाला म्हणतात, खरी पात्रता मद्यपानाची आहे, असा टोमणा होरेस वॉलपोलनें त्यास मारला होता. परंतु याच मंडळानें १७६४ सालीं चँडलर, रेव्हेट व चित्रकार पार्स यांस स्वखर्चानें आशिया मायनर व ग्रीसकडे पाठविलें. आणि त्यांच्या मोजमापांतून व चित्रांतून १७६९ सालीं आयोनियाच्या प्राचीन वास्तूंवरील ग्रंथ बाहेर पडला. सभासदांच्या मेजवान्या त्यांच्याबरोबर संपल्या. ग्रंथ मात्र विद्यार्थ्यांच्या हातीं राहिला.

१८६६ सालीं स्थापन झालेल्या ‘बर्लिंग्टन फाइन आर्ट्स क्लब’चें उदाहरण याहून बोधप्रद आहे. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील त्याच्या वास्तूंत सभासदांच्या संग्रहांतील वस्तूंचीं प्रदर्शनें भरत. १८७७ सालीं तेथें रेंब्रांटचीं कोरीव चित्रें मांडलीं गेलीं, तीं विषयवार नव्हे, तर कालानुक्रमानें. अशा रीतीनें ठसे शेजारीं शेजारीं ठेवल्यावर सेमूर हेडन या शस्त्रवैद्य-चित्रकारानें, रेंब्रांटच्या नांवावर चालणारीं कांहीं चित्रें त्याच्या शिष्यांचीं असावींत, अशी शंका उघडपणें मांडली. घरोघरच्या कपाटांत हीं चित्रें अलग अलग पडून राहिलीं असतीं, तर ही शंका कोणास सुचली असती? पारख ही तुलनेनें वाढते, आणि तुलनेसाठीं संग्राहकांनीं एकत्र यावें लागतें. हें श्रेय या क्लबास नाकारणें अन्यायाचें होईल.

विल्यम ब्लेकची कथा तर कोणाहि रसिकास चटका लावील अशी आहे. १८०९ सालीं त्यानें लंडनमध्यें आपल्या भावाच्या घरीं स्वतःच्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें. तिकडे फारसें कोणी फिरकलें नाहीं, आणि एका पत्रकर्त्यानें तर त्यास वेडा ठरविलें. १८२७ सालीं तो वारला. पुढें १८७६ सालीं याच क्लबानें त्याच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें.

पण याच क्लबाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. व्हिसलर हा त्याचा सभासद होता आणि हेडन त्याचा मेहुणा. १८६७ सालीं पॅरिसमध्यें त्यांच्यांत कौटुंबिक कलह होऊन व्हिसलरनें हेडनला कांचेच्या खिडकींतून ढकलून दिलें. क्लबानें त्या वर्षअखेरीस व्हिसलरला काढून टाकलें, व त्याच्या निषेधार्थ रोझेटी बंधूंनीं राजीनामे दिले. व्हिसलरचें वर्तन आम्ही बिलकुल समर्थनीय मानीत नाहीं. तथापि यावरून क्लबाचें मूळ स्वरूप स्पष्ट होतें. तो कलाप्रेमी लोकांचा असला, तरी प्रथम सभ्य गृहस्थांचा होता. आणि दोहोंत विरोध आला, कीं कलावंतानें बाहेर जावें, असा त्याचा न्याय होता.

न्यूयॉर्कचा ‘ग्रोलिए क्लब’ ग्रंथसंग्राहकांचा. तो १८८४ सालीं निघाला. ज्या फ्रेंच ग्रंथप्रेमी जाँ ग्रोलिएचें नांव त्यानें घेतलें, तो सोळाव्या शतकांत आपल्या पुस्तकांच्या बांधणीवर ‘ग्रोलिएचें आणि त्याच्या मित्रांचें’ या अर्थाचीं अक्षरें उमटवीत असे. किती उदार शब्द! पण या ‘मित्रांत’ स्त्रियांची गणना व्हावयास १९७६ साल उजाडावें लागलें. ग्रंथप्रेमी स्त्रियांना तोंपर्यंत थांबवेना. त्यांनीं १९४४ सालींच त्याच शहरांत ‘ऱ्होस्विथा क्लब’ हें स्वतःचें मंडळ काढलें. ग्रंथाची पारख करणारा डोळा स्त्रीचा कीं पुरुषाचा, हें ग्रंथास कधींच कळलें नसेल. कळलें तें फक्त निवडसमितीस. त्याच ग्रोलिए क्लबाचीं प्रदर्शनें आज कोणासहि विनामूल्य पाहतां येतात, ही मात्र समाधानाची गोष्ट होय.

आमच्याकडे संग्राहक नव्हते असें नाहीं. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं अडकित्ते, दिवे, दौती, वाद्यें अशा नित्याच्या व्यवहारांतल्या वस्तु जन्मभर जमवून दिवंगत पुत्र राजा याच्या नांवें संग्रहालय उभारलें आणि तें शासनाच्या स्वाधीन केलें. तेथें प्रवेशास तिकीट लागतें. कोणाची शिफारस लागत नाहीं. वस्तूवरचें प्रेम मालकीपाशीं थांबत नाहीं, याचा यापरता दाखला कोणता?

आजहि मोठ्या शहरांतून भरभक्कम वर्गणीचे कलाक्लब निघतात. त्यांस आमचा सरसकट विरोध नाहीं. चार जाणत्यांनीं एका वस्तूवर वाकून वाद घालावा, यासाठीं थोडा एकांत हवाच. परंतु बर्लिंग्टन क्लब १९५२ सालीं विसर्जित झाला. त्याच्या दिवाणखान्यांत कोण कोणाशेजारीं बसत असे, हें आज कोणी विचारीत नाहीं. विचारतात तें त्याच्या प्रदर्शनांविषयीं आणि सूचिग्रंथांविषयीं. म्हणून अशा प्रत्येक क्लबाला आमचा प्रश्न एकच राहील: दार लावून आंत जें कमावलें, त्यांतलें बाहेर किती आलें? ज्याच्याजवळ याचें उत्तर आहे, त्यानें आपलें दार खुशाल लावून घ्यावें. ज्याच्याजवळ तें नाहीं, त्याच्या भिंतीवर रेंब्रांट टांगलेला असला, तरी त्यास आम्ही श्रीमंतांची बैठक म्हणूं. रसिकांची म्हणणार नाहीं.