नगररचनेची आंतरवासिता : शब्द आणि वास्तव्य

नगररचनेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अध्ययनकाळात किंवा पदवीनंतर लगेच काही काळ एखाद्या नगरपालिकेत वा नियोजन कार्यालयात काम करावे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. तिच्या उपयुक्ततेविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु या कामासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत ते पाहिले असता त्यांच्यामागे तीन निरनिराळ्या कल्पना उभ्या आहेत, आणि आजची व्यवस्था त्यांपैकी कोणती स्वीकारते याचा निर्णय झालेला नाही, असे दिसून येते.

पहिला शब्द 'उमेदवारी'. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. कचेरीत विनावेतन वा अल्पवेतनावर काम शिकत, पुढे कायम होण्याची वाट पाहणारा तो उमेदवार. आज निवडणुकीने हा शब्द आपलासा केला असला तरी त्यातील आशेचा भाग सुटलेला नाही. दुसरा शब्द 'प्रशिक्षण'. महाराष्ट्र शासनाने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली व पदवीधरास दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरविले, तेव्हा याच शब्दाचा आश्रय घेतला. तिसरा शब्द 'आंतरवासिता'. हा वैद्यकीय शिक्षणातून आला. त्याचा घाट कृत्रिम आहे हे खरे; परंतु त्याच्या पोटात 'वस्' हा धातू आहे आणि गुरूजवळ राहणाऱ्या 'अंतेवासी'ची आठवणही आहे. उमेदवारीत आशा आहे, प्रशिक्षणात कौशल्य आहे, आंतरवासितेत राहणे आहे. नगररचनेच्या विद्यार्थ्यास या तिन्हींची गरज असते. मात्र तिसऱ्या गोष्टीचीच सध्या सर्वाधिक उपेक्षा होते.

केंद्र शासनाने 4 जून 2020 रोजी 'ट्यूलिप' या नावाने जी योजना आरंभिली, ती नागरी स्थानिक संस्था व स्मार्ट शहरे यांच्यासाठी होती. नवपदवीधरांना नगरांच्या कारभाराचा अनुभव मिळावा हा तिचा हेतू स्तुत्य होता. परंतु नगर म्हणजे काय, हा प्रश्न तिने कायद्याच्या व्याख्येवर सोडला. 2011 च्या जनगणनेने देशात 7,933 नागरी वसाहती मोजल्या. त्यांपैकी 3,892 जनगणना-नगरे होती. म्हणजे लोकवस्ती, घनता व व्यवसाय या कसोट्यांवर ती शहरे ठरली, पण त्यांना नगरपालिकेचा दर्जा नव्हता. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने याच 7,933 वसाहतींपैकी सुमारे 65 टक्के वसाहतींना बृहत् आराखडाच नसल्याचे नोंदविले. जेथे नियोजक नाही तेथेच विद्यार्थीही जात नाही, असा हा उलटा क्रम आहे.

बुलढाणा तालुक्यातील धाड हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे गाव आहे. ते मोठे बाजाराचे गाव असून जालना जिल्ह्याच्या सीमेलगत वसले आहे. ही सीमा केवळ दोन जिल्ह्यांची नाही. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पलीकडे निजामाचा प्रत्यक्ष अंमल राहिला. 1956 साली दोन्ही प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1960 साली महाराष्ट्रात. पुढे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने कायदा एक केला. शब्द मात्र एक झाले नाहीत. मराठवाड्यात ज्या सरकारी चराईच्या जमिनीस 'गायरान' म्हणतात, तीस वऱ्हाडात 'ई-क्लास' म्हणतात. जुन्या महसुली वर्गवारीतील इंग्रजी अक्षर निरक्षर माणसाच्या तोंडी रुळले आणि पूर्ण मराठी झाले. शेताकडे जाणाऱ्या वाटेस पश्चिमेकडे 'पाणंद', तर विदर्भात 'पांदण'. सकाळी गुरे जमण्याची गावाबाहेरची जागा ती 'आखर'. वस्तीची जमीन 'पांढरी', कसण्याची ती 'काळी'.

आता असा विद्यार्थी कल्पावा की ज्याने हे शब्द ऐकलेले नाहीत. तो उपग्रहाच्या छायाचित्रावर गावाचा भूवापर रंगवू लागतो. ई-क्लासचा तुकडा त्यास मोकळा दिसतो आणि तो त्याची नोंद 'रिकामी जमीन' अशी करतो. आखरावर दुपारी गुरे नसतात, तीही रिकामी. पांदण अरुंद व चिखलाची असल्याने तिची गणना रस्त्यांत होत नाही. नकाशा तंत्रदृष्ट्या निर्दोष असतो. दोष एका विशेषणात असतो. पुढे कोणत्याही प्रकल्पास जागा शोधताना हे विशेषणच कामास येते, कारण रिकाम्या जमिनीवर कोणाचे काही जात नाही अशी समजूत असते.

याहून गंभीर बाब घरांची आहे. राज्यात ठिकठिकाणी भूमिहीन कुटुंबांनी गायरानावर वा ई-क्लासवर घरे बांधलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. मात्र भूमिहीनांना पट्ट्याने दिलेल्या जागांसारख्या प्रकरणी अपवादास वाव ठेवला. अशा स्थितीत विद्यार्थ्याच्या अहवालात त्या वस्तीचे वर्णन 'अतिक्रमण' असे होते, की 'वस्ती' असे होते, की वस्तीचा काळ व तिच्याकडील कागद यांसह होते, याला महत्त्व आहे. हा अहवाल परीक्षेसाठी लिहिलेला असला तरी पुढे तो कार्यालयात राहतो आणि नंतरचा अधिकारी त्यातून मजकूर उचलू शकतो. सामाईक हिताचा व निवाऱ्याचा असे दोन्ही पक्ष तेथे उभे आहेत. त्यांपैकी एकाचा निकाल नकळत एका शब्दाने लावणे विद्यार्थ्यास शोभत नाही.

यावर असा आक्षेप येईल की ड्रोनने गावठाणाचे मोजमाप होऊ लागल्यापासून या अडचणी उरलेल्या नाहीत. 24 एप्रिल 2020 रोजी घोषित झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणातील मिळकतींचे नकाशे व मालमत्ता-पत्रके तयार करण्याचे काम हाती घेतले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु ड्रोन भिंत दाखवितो. भिंतीपलीकडील बोळातून कोणास जाण्याचा रिवाज आहे हे दाखवीत नाही. ते विचारावे लागते, आणि विचारण्यास भाषा लागते.

पॅट्रिक गेडिस यांना हे उमगले होते. 1919 साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुखपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थानातील अनेक शहरे पायी हिंडून अहवाल लिहिले. इंदूरचा अहवाल 1918 चा. योजनेपूर्वी निदान, आणि निदानापूर्वी पाहणी, हा त्यांचा आग्रह होता. इंदुरात दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग त्यांनी लोकांनी स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून नेला, असे सांगितले जाते. गेडिस यांना तेथील भाषा अवगत नव्हती. तरीही योजना लोकांच्या परिचयाच्या रूपात मांडली पाहिजे हे त्यांनी ओळखले. ज्यास भाषा अवगत आहे त्याने याहून कमी करावे, हे समर्थनीय नाही.

तथापि अहवाल मराठीत लिहिला की प्रश्न मिटला, असेही नव्हे. 'अभिन्यास', 'भूवापर परिक्षेत्र' ही भाषा मराठी असूनही धाडच्या बाजारात अनोळखीच ठरेल. उलट 'ले-आऊट', 'एन.ए. प्लॉट', 'आरक्षण पडले' हे प्रयोग तेथे सहज समजतील. 'आरक्षण पडले' या प्रयोगात तर लोकांनी आपला अनुभवच नोंदविला आहे : आरक्षण कोणी ठेवीत नाही, ते वरून पडते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने नागरिकास प्रारूप योजनेवर हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार दिला आहे. ज्या योजनेची भाषा कळत नाही तिच्यावर हरकत घेता येत नाही. मग मुदत संपते आणि अधिकार कागदावर राहतो.

विद्यार्थी परप्रांतीय असतात, त्यांना देशभर नोकरी करावयाची असते, म्हणून इंग्रजी अपरिहार्य आहे, हे म्हणणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यावरून मूळ अहवाल इंग्रजीत असावा एवढेच सिद्ध होते; त्याचा मराठी गोषवारा नसावा असे सिद्ध होत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'सितारा' या केंद्राने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या ग्रामवास्तव्यास अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. नियोजनाच्या विभागांनी त्यापुढे दोन पावले टाकणे शक्य आहे. एक, प्रत्येक अहवालास त्या गावातील स्थळवाचक व भूमिवाचक शब्दांची सूची, अर्थ व नकाशावरील स्थानासह जोडावी, आणि तिला गुण असावेत. दोन, गोषवारा ग्रामसभेत वाचून दाखवावा व तेथे आलेल्या दुरुस्त्या अहवालात नोंदवाव्यात. वास्तव्य झाले की नाही, याची परीक्षा उपस्थितीपत्रकापेक्षा या सूचीवरून आणि या दुरुस्त्यांवरून अधिक चांगली होईल.