मोल, किंमत आणि लिलावाचा हातोडा

बंगळूरास बदलून आलेला मराठी अधिकारी पहिल्या वर्षात एकदा म्हैसूरला जाऊन येतोच, आणि म्हैसूरला गेलेला सहसा जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रह पाहिल्यावाचून परतत नाही. तेथे एका मंद उजेडाच्या दालनात एका हाती दिवा धरून दुसऱ्या हाताच्या आडोशाने ज्योत सांभाळणारी स्त्री उभी आहे. बोटांच्या फटींतून झिरपणारा तो आरक्त उजेड एकदा पाहिला की विसरत नाही. या चित्रापुढे उभे राहून ‘हे रविवर्म्यांचे’ असे सोबतच्या मंडळींस ठासून सांगणारा कोणीतरी तेथे हटकून भेटतो. चित्र रविवर्म्यांचे नाही. ते सावंतवाडीस जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे. ते तैलचित्र नसून जलरंगातील आहे. आणि ते रंगविले गेले तेव्हा रविवर्म्यांना जाऊन जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. चित्रातील स्त्री म्हणजे चित्रकाराचीच कन्या.

या चुकीस आम्ही हसत नाही. चित्र आवडले हे त्या प्रेक्षकाचे खरेच असते. परंतु आवडलेल्या गोष्टीस एखाद्या थोर नावाचा टेकू दिल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. डोळ्यांनी घेतलेल्या आनंदावर त्याला कानांची साक्ष हवी असते. कलेच्या बाजारातील बहुतेक फसवणूक या एका सवयीवर उभी आहे, आणि म्हणूनच चित्रांच्या लिलावाविषयी लिहिताना आम्ही प्रारंभ या दालनापासून केला.

हा विषय आज हाती घेण्यास कारण आहे. आमच्या वाचकांपैकी बरेच जण निवृत्तीनंतर मुलांकडे परदेशी जातात. मुले हौसेने आईवडिलांस आठ दिवसांच्या जलपर्यटनास पाठवितात. त्या प्रचंड नौकांवर नाटकगृहे आणि भोजनगृहे यांच्या जोडीस चित्रांचा लिलावही असतो. परतताना गुंडाळलेला एक कॅनव्हास आणि मोठ्या रकमेचे मूल्यांकनपत्र बरोबर येते, आणि मग घरी आलेल्या प्रत्येकास विचारले जाते : घेतले ते योग्य झाले ना? आमचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. पण नुसत्या नकाराने कोणाचे भले होत नाही. नकाराची कारणे कळली तर पुढची खरेदी तरी डोळसपणे होईल.

नौकेवरील लिलाव बहुधा अशा दिवशी भरतो की ज्या दिवशी नौका कोणत्याच बंदरास लागत नाही. प्रवाशांस उतरून जाण्यास जागा नसते. आत येणाराच्या हाती मद्याचा फुकट पेला दिला जातो. लिलाव पुकारणारा विनोदी असतो, बहुश्रुत असतो, आणि ‘किनाऱ्यावर याच चित्रास दुप्पट पडतील’ असे सांगण्याची त्याची हातोटी असते. चित्रासोबत मूल्यांकनाचा कागद मिळतो. पण तो कागद देणारा विकणाराच असतो. आपल्याच मालाची किंमत आपणच ठरवून तिचा दाखला गिऱ्हाइकास द्यावयाचा, ही रीत घराच्या किंवा जमिनीच्या व्यवहारात आमचा एकही वाचक क्षणभर मान्य करणार नाही. चित्राच्या बाबतीत मात्र ती निमूटपणे मान्य होते, कारण चित्रातले आपणांस काही कळत नाही अशी एक भिडस्त समजूत सुशिक्षितांत मुरलेली आहे. बोलीच्या रकमेवर विक्रेत्याचे शुल्क, चौकटीचा खर्च आणि घरपोच पाठवणी यांची भर पडते ती निराळीच.

याहून मोठा आक्षेप लिलाव या कल्पनेविषयीच आहे. लिलाव कशासाठी असतो? वस्तू एकच आहे आणि ती हवी असणारे अनेक आहेत, अशा वेळी ती कोणास द्यावी हे ठरविण्याचा तो एक सरळ मार्ग आहे. वस्तू एकमेव असणे हाच त्याचा प्राण. नौकेवर जे विकले जाते त्यातील पुष्कळसे छापील असते. ‘जिक्ले’ या फ्रेंच वळणाच्या नावाने ओळखले जाणारे मुद्रण हे संगणकाच्या साहाय्याने कॅनव्हासवर शाईचे सूक्ष्म तुषार उडवून केलेले असते. हे नाव अमेरिकेतील एका मुद्रकाने १९९१ साली रूढ केले. कधी त्यावर रंगाचे चार फटकारे हाताने मारलेले असतात. आज विकलेल्या चित्राची प्रत पुढच्या सफरीसाठी कोठारात तयार असेल, तर ही बोली कोणाविरुद्ध चालली आहे? अशा ठिकाणी लिलाव नसतो. दुकानाचा भाव लिलावाचा वेष घालून येतो. अमेरिकेत २००८ च्या सुमारास काही खरेदीदारांनी अशा खरेदीवरून न्यायालयात दावे लावले होते. विक्रेत्यांनी आरोप नाकारले. त्या दाव्यांच्या तपशिलात न शिरताही इतके म्हणता येते की, ज्या व्यवहारात घेणारास विचार करावयास सवड नसते आणि तिऱ्हाइताचे मत घ्यावयास सोय नसते, त्या व्यवहारात घेणाराची बाजू आरंभापासूनच दुबळी असते.

यावर कोणी म्हणेल की, तुमचा राग छापील चित्रांवर आहे. तसे मुळीच नाही. छापील चित्रांचा सर्वांत मोठा उद्योग आमच्याच मुलखात उभा राहिला. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. एकेका रंगासाठी निराळा दगड, आणि एकावर एक नेमके बसणारे ठसे, अशा कष्टाच्या पद्धतीने तेथे लक्ष्मी, सरस्वती आणि पुराणांतील प्रसंग छापले जात. धंदा परवडेना म्हणून तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. पण चित्रे छापली जातच राहिली आणि माजघरांतून, देवघरांतून, दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या टांगली गेली. ती चित्रे छापील म्हणूनच विकली गेली आणि छापील चित्राच्याच भावाने विकली गेली. ज्या घरात राजवाड्यातील तैलचित्र कधीच येणार नव्हते, त्या घरास त्यांनी रूप आणि रंग पाहण्याची गोडी लावली. त्या मुद्रणांच्या कलागुणांविषयी टीकाकारांनी कमी-अधिक बोलावे, पण त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी कोणासही शंका नव्हती. आज बंगळूरात राजा रविवर्मा हेरिटेज फाउंडेशनसारखी संस्था या शिळाछापांची जपणूक करते, यातच काय ते आले. तात्पर्य, दोष छापण्यात नाही. छापलेल्याचे मोल हाताने रंगविलेल्याच्या भावात वसूल करण्यात आहे.

सहीचेही तसेच. सही पाहून विश्वासणारांनी साल्वादोर दालीचे उदाहरण ध्यानी ठेवावे. १९७४ साली फ्रान्समधील जकात अधिकाऱ्यांनी एक मोटार अडविली, तेव्हा तीत दालीने सही केलेले सुमारे ४०,००० कोरे कागद निघाले! सही अस्सल, आणि चित्राचा अद्याप पत्ता नाही, असा हा प्रकार. कस्टम्स खात्यातील आमच्या वाचकांस आपल्या व्यवसायबंधूंच्या या कामगिरीचे कौतुक वाटेल. आपल्या देशातही २०११ साली कलकत्त्याच्या शासकीय कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली वीस चित्रे त्यांची नव्हेत, असा निष्कर्ष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी काढला. जेथे कलाशिक्षण देणारी संस्था चकते, तेथे समुद्रावरील अर्ध्या तासात सामान्य प्रवाशाने खऱ्याखोट्याचा निवाडा करावा ही अपेक्षाच अवाजवी आहे.

आता दुसऱ्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. तो असा की, चित्रांत पैसा घालून लोक गबर झाले आहेत. मग आम्ही का घालू नये? नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंड्यांचे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात २३ कोटींवर गेले, तर दुसरे सप्टेंबर २०२५ मध्ये ६७ कोटींवर. हे आकडे खरे आहेत. पण त्यांच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवली पाहिजे. गायतोंडे मुंबई सोडून दिल्लीस निजामुद्दीनमध्ये एका लहानशा जागेत राहिले, वर्षाकाठी मोजकीच चित्रे काढीत राहिले, आणि २००१ साली वारले. कोटींचा हा पाऊस त्यानंतरचा आहे. त्यांची चित्रे त्या काळी ज्यांनी घेतली, त्यांनी भाव पाहून घेतली नव्हती. त्या शांत, खोल रंगपटांपुढे त्यांना थांबावेसे वाटले म्हणून घेतली.

पंढरपूरला जन्मलेल्या हुसेनांच्या ‘ग्रामयात्रे’ची कथा तर सरकारी नोकरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. नॉर्वेत स्थायिक झालेले एक शल्यचिकित्सक जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीस आले होते. कामगिरीवर परमुलखात आलेल्या या गृहस्थांनी १९५४ साली सुमारे चौदा फूट लांबीचे ते चित्र विकत घेतले. पुढे १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयास देणगीरूपाने मिळाले आणि तेथील भिंतीवर दशकानुदशके राहिले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास शंभर कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. त्यांतील एक पैही त्या डॉक्टरांच्या वाट्यास आली नाही. त्यांना मिळाली ती हयातभराची सोबत. आणि चित्र विकत घेणारास खात्रीने मिळू शकते ते इतकेच. बाकीचे दैवाधीन. शिवाय मोठी लिलावगृहे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नावांची चित्रे स्वीकारतात. नौकेवर घेतलेले मुद्रण परत विकावयास काढले तर त्याच विक्रेत्याचे दार बहुधा बंद असते. आणि चुकून नफा झालाच, तर आयकर खाते आहे : २००७ च्या वित्त अधिनियमाने चित्रे ‘वैयक्तिक चीजवस्तूं’च्या सवलतीतून वगळली गेली आहेत.

मग चित्र घ्यावयाचेच नाही काय? उलट, घ्यावयाचे, पण घेण्याची रीत बदलावयाची. बंगळूरच्या रहिवाशास ती शिकण्यासाठी लांब जावे लागत नाही. कर्नाटक चित्रकला परिषदेने सुरू केलेली ‘चित्रसंते’ जानेवारीच्या आरंभी एका रविवारी कुमारकृपा रस्त्यावर भरते. संते म्हणजे आपला आठवडी बाजार. हजाराहून अधिक चित्रकार पदपथावर आपली चित्रे मांडून उभे असतात. शेकड्यांपासून लाखांपर्यंत किंमती असतात. तेथील सारेच उत्तम असते असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. अर्धोन्मीलित डोळ्यांचे बुद्ध, पाठमोऱ्या बैलगाड्या आणि काशीचे घाट यांची तेथे इतकी दाटी असते की जीव उबगून जावा. दिवाणखान्यातील कोचाच्या रंगास जुळणारे चित्र शोधणारी गिऱ्हाइके आहेत तोवर असली चित्रे निघणारच. पण त्या गर्दीतही एखादे चित्र पाऊल अडविते, आणि त्याचा कर्ता शेजारीच उभा असतो. हे कशाने रंगविले, किती दिवस लागले, आणखी काय काय केले आहे, असे त्यास विचारता येते. पत्ता घेऊन महिन्याने त्याच्या घरी जाता येते. दोन चित्रे शेजारी ठेवून पाहता येते, आणि न घेता परतही येता येते. नौकेवर नाकारली जाणारी सवड आणि पारख येथे फुकट मिळते.

डोळा तयार व्हावयास मात्र वेळ द्यावा लागतो. पॅलेस रस्त्यावर माणिक्यवेलू हवेलीत २००९ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. कस्तुरबा रस्त्यावर २०२३ पासून कला आणि छायाचित्रे यांचे नवे संग्रहालय उभे आहे. खुद्द चित्रकला परिषदेत रोरिक आणि हेब्बर यांची चित्रे आहेत. रुमाले चन्नबसवय्यांनी या शहरातील फुललेली झाडे रंगविली. ती चित्रे पाहून बाहेर पडावे आणि मार्चमधील रस्त्यावरून चालावे; रंग पाहणे म्हणजे काय हे व्याख्यानावाचून कळते. वर्षभर असे हिंडलेला मनुष्य मूल्यांकनपत्राच्या मोहात सहसा पडत नाही.

सरकारी नोकरास आणखी दोन गोष्टी सांगावयास हव्यात. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील अठराव्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किंमतीची जंगम मालमत्ता घेतल्यास ती एका महिन्याच्या आत वरिष्ठांस कळवावी लागते. तो फॉर्म भरताना क्षणभर थांबून स्वतःस विचारावे, की उद्या ही वस्तू एका रुपयासही कोणी घेतली नाही तरी ती मला हवी आहे काय? उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल घ्यावी. दुसरी गोष्ट बदलीची. दर तीन-चार वर्षांनी आपला संसार मालमोटारीत चढतो. सरकारी घराच्या भिंती आपल्या नसतात, पडदेही पुढच्या खिडक्यांस बसत नाहीत. अशा जगण्यात घराचे घरपण ज्या दोन-चार वस्तूंत सामावते, त्यांत एखादे चित्र असावे असे आम्हांस मनापासून वाटते. नव्या गावी खोकी उघडण्यापूर्वी ज्याच्यासाठी खिळा ठोकला जातो, ते चित्र. ज्याची गुंडाळी कपाटावरून खाली उतरतच नाही आणि ज्याचा केवळ दाखला जपला जातो, ते नव्हे.

लिलावाचा हातोडा किंमत ठरवितो, आणि तीही त्या घटकेपुरती. मोल ठरविण्याचे काम त्याच्याकडे कधीच नव्हते. ते पाहणाराचे आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवून चालत नाही.